तौलनिक राजकारण : तक्ता पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारा



बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलेली मुलं पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, नोट्स कुणाच्या वापरायच्या?" या प्रश्नाची मला आता सवय झाली आहे. पण २०२२ च्या पावसाळ्यात वर्ग सुरू झाले तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने वेगळाच प्रश्न विचारला. जूनमधलं महाराष्ट्रातलं सत्तांतर सगळ्यांनी नुकतंच टीव्हीवर पाहिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत का आणत नाहीत? पाच वर्षं एकच माणूस. ना आमदार फुटायची भानगड, ना सरकार पडायची भीती."

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी लगेच उत्तर दिलं नाही. पहिली दुरुस्ती एवढीच केली की अमेरिकेत मुदत पाच नाही, चार वर्षांची असते. मग फळ्याच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहिलं : "अध्यक्षीय पद्धत स्थिर असते." आणि म्हटलं, हे वाक्य सत्र संपेपर्यंत पुसायचं नाही.

तेच वाक्य घेऊन आज आपण राज्यशास्त्राचा परिचय आणि तौलनिक राजकारण हे दोन विषय कसे अभ्यासायचे ते पाहू. कारण परीक्षेत या विषयांत जे मार्क जातात ते माहिती कमी पडली म्हणून क्वचितच जातात. माहिती भरपूर असते, पण ती कुठल्या प्रश्नासाठी गोळा केली हेच मुलांना सांगता येत नाही. आणि परीक्षा संपल्यावरही असली वाक्यं आपला पिच्छा सोडत नाहीत. पारावर, एसटीत, मोबाईलवरच्या ग्रुपवर ती रोज भेटतात. ती तपासता आली पाहिजेत.

१. आधी शब्द साफ करून घ्या

मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकताना एक अडचण येते. आपले रोजचे शब्द आणि शास्त्रातले शब्द एकमेकांत मिसळतात. चार शब्द तर नेहमीच घोटाळा करतात.

राज्य : आपण "महाराष्ट्र राज्य" म्हणतो. पण राज्यशास्त्रातलं "राज्य" म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. त्या अर्थाने भारत हे राज्य आहे. महाराष्ट्र हे घटकराज्य आहे, कारण त्याच्याकडे सार्वभौमत्व नाही. गोंधळ टाळायचा असेल तर पहिल्या अर्थाने "राज्यसंस्था" आणि दुसऱ्या अर्थाने "घटकराज्य" लिहा.

शासन : "महाराष्ट्र शासन" असं पाटीवर लिहिलेलं असतं. ते शासन म्हणजे सरकार. सरकार बदलतं, राज्यसंस्था टिकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये निवडणूक निकालानंतर कुणाचंच सरकार बसेना, म्हणून १२ ते २३ नोव्हेंबर महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. त्या काळात लोकांनी निवडलेलं मंत्रिमंडळ नव्हतं. तरी तहसील कार्यालय चालू होतं, पोलीस ठाणं चालू होतं, पगार होत होते. सरकार आणि राज्यसंस्था यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

राष्ट्रपती राजवट : हा तिसरा घोटाळा. दरवर्षी दोन-चार पेपरांत मला वाचायला मिळतं की "भारतात घटकराज्यात अध्यक्षीय पद्धत लागू करता येते, तिला राष्ट्रपती राजवट म्हणतात." पूर्ण चूक! राष्ट्रपती राजवट ही घटनेच्या ३५६ व्या कलमाखालची तात्पुरती तरतूद आहे. अध्यक्षीय पद्धत हा शासनाचा एक वेगळा प्रकार आहे. दोघांचा संबंध नाही.

अध्यक्ष : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, लोकसभेचा अध्यक्ष, पक्षाचा अध्यक्ष, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. म्हणून कोणत्याही देशाचा अभ्यास करताना दोन पदं वेगळी ओळखा. राष्ट्रप्रमुख कोण आणि शासनप्रमुख कोण? भारतात राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान शासनप्रमुख. ब्रिटनमध्ये राजा राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान शासनप्रमुख. अमेरिकेत दोन्ही पदं एकाच माणसाकडे.

आता फळ्यावरच्या वाक्याकडे पाहा. "अध्यक्षीय पद्धत" म्हणजे काय ते थोडं समजलं. पण "स्थिर" म्हणजे काय? सरकार पडत नाही ते स्थिर? धोरण बदलत नाही ते स्थिर? की लोकशाही टिकते ते स्थिर? हे ठरवल्याशिवाय पुढे गेलात तर तुलना सुरू होण्याआधीच फसते.

२. तुलना करणं ही जुनी सवय आहे

ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटनांचा अभ्यास केला होता असं सांगितलं जातं. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरचा ग्रंथच काय तो आज आपल्याला बऱ्याच अंशी उपलब्ध आहे, तोही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला म्हणून. ॲरिस्टॉटलने दोन प्रश्न विचारले. सत्ता किती जणांच्या हातात आहे? आणि ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की सत्ताधाऱ्यांच्या? या दोन प्रश्नांतून त्याचं प्रसिद्ध सहा प्रकारांचं वर्गीकरण तयार झालं. परीक्षेसाठी आपण सहा नावं पाठ करतो आणि दोन प्रश्न विसरतो. खरं तर दोन प्रश्न लक्षात ठेवले तर सहा प्रकार आपोआप आठवतात.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी नेमका आपल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचाच विषय घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लोकशाही कार्यकारी मंडळाकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकन आणि स्विस पद्धतींत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. संसदीय पद्धतीत सरकारचं मूल्यमापन रोज होतं, प्रश्न, ठराव, चर्चा, अविश्वास प्रस्ताव यांतून. शिवाय निवडणुकीच्या वेळी मतदार करतात ते वेगळंच. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं.

हे भाषण मिळवून जरूर वाचा. तौलनिक राजकारणाचा पहिला धडा म्हणून ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. बाबासाहेबांनी तीन देशांची माहिती ओळीने सांगितली नाही. आधी निकष ठरवले, मग त्या निकषांवर देश ठेवले.

३. खाने पाडायचे दोन प्रश्न

संसदीय, अध्यक्षीय, अर्धअध्यक्षीय असे प्रकार आपण वाचतो. प्रत्येकाची आठ-दहा वैशिष्ट्यं पुस्तकात असतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा.

पहिला : शासनप्रमुखाला निवडतं कोण?
दुसरा : मुदत संपण्याआधी राजकीय कारणासाठी त्याला काढू कोण शकतं?

भारत आणि ब्रिटन : पंतप्रधान कनिष्ठ सभागृहाच्या पाठिंब्यावर उभा असतो आणि ते सभागृह त्याला घालवू शकतं. कधी सभागृहापर्यंत जावंही लागत नाही, पक्षच घालवतो. ब्रिटनमध्ये २०२२ या एका वर्षात जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान झाले आणि मध्ये एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही.

अमेरिका : राष्ट्राध्यक्षाची निवड वेगळ्या निवडणुकीने होते. धोरण पटलं नाही म्हणून काँग्रेस त्याला काढू शकत नाही. महाभियोग आहे, पण तो गंभीर गुन्ह्यांसाठी आणि त्याला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात.

फ्रान्स : राष्ट्राध्यक्षाला जनता निवडते, त्याला संसद अविश्वासाने काढू शकत नाही. पण त्याने नेमलेल्या पंतप्रधानाला संसद काढू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये बार्निए यांचं सरकार असंच पडलं. राष्ट्राध्यक्ष माक्राँ मात्र पदावर राहिले. म्हणून ही अर्धअध्यक्षीय पद्धत.

स्वित्झर्लंड : इथे खरी गंमत आहे. सात जणांच्या संघीय परिषदेला संसद निवडते, म्हणजे पहिलं उत्तर संसदीय. पण चार वर्षांच्या मुदतीत संसद त्यांना अविश्वासाने काढू शकत नाही, म्हणजे दुसरं उत्तर अध्यक्षीय. शिवाय अध्यक्षपद या सातांमध्येच दरवर्षी फिरतं. एकही खाना नीट बसत नाही. मुलं विचारतात, "मग मॅडम, हे कुठे लिहायचं?" खान्यात न बसणारा देश दिसला की वैतागू नका. त्याच्यामुळेच आपले खाने कशावर पाडलेत ते कळतं.

४. आता वाक्य तपासू

"अध्यक्षीय पद्धत स्थिर असते." सरकार मुदतीआधी पडत नाही एवढाच "स्थिर"चा अर्थ घेतला तर अमेरिकेपुरतं वाक्य बरोबर आहे. पण सरकार पडलं नाही म्हणजे कारभार सुरळीत चालला असं होतं का?

२२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९, सलग ३५ दिवस अमेरिकेच्या केंद्र सरकारचा बराचसा कारभार ठप्प होता. सीमेवरच्या भिंतीच्या खर्चावरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांचं जमेना, खर्चाला मंजुरी मिळेना. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी बिनपगारी काम करत होते. संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकार जातं, नवं येतं किंवा निवडणूक होते. अमेरिकेत दोघेही लोकांनी निवडलेले, दोघांचीही मुदत ठरलेली, दोघेही आपापल्या जागी घट्ट. कोंडी फोडायची कुणी?

हाच मुद्दा हुआन लिंझ या अभ्यासकाने १९९० मध्ये मांडला आणि त्यावर पुढे मोठा वाद झाला. त्याचं लक्ष प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेकडे होतं. चिलीचं उदाहरण घ्या. १९७० मध्ये साल्वादोर अयेंदे सुमारे ३६ टक्के मतं घेऊन पहिले आले आणि तिथल्या काँग्रेसने त्यांची निवड पक्की केली. पुढे त्याच काँग्रेसमध्ये विरोधकांचं बहुमत राहिलं. अध्यक्ष हटत नाही, काँग्रेस नमत नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता घेतली. त्यामागे आर्थिक संकट होतं, अमेरिकेचा हस्तक्षेप होता, समाजातली टोकाची फूट होती. एकट्या अध्यक्षीय पद्धतीवर खापर फोडता येणार नाही. पण ठरलेल्या मुदतीमुळे मधला मार्ग अरुंद झाला, हे लिंझचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं.

इथे एक महत्त्वाची सूचना. आपल्या मुलाने अध्यक्षीय पद्धतीसाठी एकच देश पाहिला होता आणि तोही यशस्वी. कोचिंग क्लासच्या बाहेरचा फ्लेक्स आठवा. पास झालेल्यांचे फोटो त्यावर असतात, नापास झालेल्यांचे नसतात. फ्लेक्स पाहून क्लास किती चांगला हे ठरवता येत नाही, कारण एकूण किती जण बसले होते तेच माहीत नसतं. तौलनिक राजकारणात देश निवडताना हीच चूक होते. फक्त यशस्वी देश घेतले की आपलं मत नेहमी बरोबरच ठरतं.

५. संसदीय पद्धत अस्थिरच असते का?

आता उलट बाजू पाहू. इटली आणि जर्मनी, दोन्हीकडे संसदीय पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत साठांहून अधिक सरकारं झाली. जर्मनीत १९४९ पासून २०२४ पर्यंत चॅन्सेलर झाले फक्त नऊ. पद्धतीचं नाव एकच, निकाल वेगळे. म्हणजे "संसदीय" या एका शब्दाने उत्तर मिळत नाही. आत काहीतरी वेगळं आहे, ते शोधावं लागतं.

जर्मनीच्या घटनेचं ६७ वं कलम पाहा. तिथे चॅन्सेलरवर नुसता अविश्वास दाखवता येत नाही. त्याच ठरावात त्याच्या जागी कोण, ते नाव बहुमताने निवडावं लागतं. याला रचनात्मक अविश्वास ठराव म्हणतात. तो का आणला? १९१९ ते १९३३ च्या वायमार प्रजासत्ताकात सरकारं मागून सरकारं पडत गेली. सरकार पाडायला परस्परविरोधी पक्ष एक येत, पण नवं सरकार बनवायला एक येत नसत. त्याचा शेवट हिटलरच्या सत्तेत झाला. १९४९ च्या घटनाकारांनी हा अनुभव ध्यानात ठेवला.

ही तरतूद प्रत्यक्षात कशी चालते? १९७२ मध्ये ब्रांट यांच्या विरोधात ठराव आला. २४९ मतं हवी होती, २४७ पडली. ब्रांट राहिले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी मात्र ठराव मंजूर झाला. त्याच मतदानात श्मिट गेले आणि कोल आले. मध्ये एक दिवसही पोकळी नाही.

आता आपल्याकडे या. १७ एप्रिल १९९९. लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. पाडणारे २७० जण एका नव्या नावावर एक होऊ शकले नाहीत. लोकसभा बरखास्त झाली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणुका झाल्या. आणि मधल्या काळात, मे ते जुलै, देश कारगिलचं युद्ध लढत होता. तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की पुढचा प्रश्न आपसूक येतो. भारतात रचनात्मक अविश्वासाची तरतूद असती तर? पण घाई करू नका. १९९९ मध्ये आपल्याकडे अविश्वास ठराव नव्हता, विश्वासदर्शक ठराव होता. जर्मनीतही चॅन्सेलर स्वतः विश्वास मागू शकतो, आणि तो हरला तर पर्यायी नावाची अट नाही. १६ डिसेंबर २०२४ रोजी चॅन्सेलर शोल्त्स असेच हरले आणि २३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली. शिवाय जर्मनीत पाच टक्के मतांची अट आहे, त्यामुळे अगदी छोटे पक्ष सहसा संसदेत येत नाहीत. म्हणजे स्थैर्याचं श्रेय एकट्या ६७ व्या कलमाला देता येत नाही. उत्तरात हे "पण" लिहिलंत तर तुम्ही विषय समजून घेतलाय हे परीक्षकाला लगेच कळतं.

६. एकच गोष्ट बदलली तर? न्यूझीलंडचा धडा

आपल्या विषयाची मोठी अडचण ही की प्रयोगशाळा नाही. रसायनशास्त्रात एक घटक बदलून बाकीचे तसेच ठेवता येतात. देशांचं तसं करता येत नाही. भारत आणि जर्मनीत लोकसंख्या, भाषा, इतिहास, पक्ष, सगळंच वेगळं. मग फरक कशामुळे पडला हे ठरवायचं कसं?

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात यासाठी दोन रीती सांगितल्या. एक, जवळजवळ सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी अशी उदाहरणं घ्या. दुसरी, जवळजवळ सगळं वेगळं पण निकाल सारखा अशी उदाहरणं घ्या आणि त्यांत समान काय ते शोधा. थीडा स्कॉचपोल यांनी १९७९ च्या पुस्तकात फ्रान्स, रशिया आणि चीन या तीन वेगळ्या देशांतल्या क्रांत्यांची तुलना केली, तेव्हा या दोन्ही रीती वापरल्या.

कधी कधी एखादा देश आपणहून एकच गोष्ट बदलतो. न्यूझीलंडने तसं केलं. तिथे आपल्यासारखीच निवडणूक पद्धत होती : मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला २०.७ टक्के मतं पडली आणि ९२ पैकी जागा मिळाल्या फक्त २. पाचातल्या एका मतदाराचं मत जवळजवळ वाया गेलं. १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत लेबर पक्षाला मतं जास्त पडली, पण सत्ता नॅशनल पक्षाला मिळाली. लोकांची नाराजी वाढत गेली. १९९३ च्या सार्वमतात त्यांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. या पद्धतीत मतदार दोन मतं देतो, एक स्थानिक उमेदवाराला आणि एक पक्षाला. सभागृहातल्या एकूण जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात ठरतात.

परिणाम पाहा. १९९३ ची निवडणूक जुन्या पद्धतीने झाली होती. ९९ पैकी ९५ जागा दोन मोठ्या पक्षांकडे गेल्या. १९९६ ची नव्या पद्धतीने झाली. १२० पैकी दोन मोठ्या पक्षांकडे ८१ जागा आल्या आणि आणखी चार पक्ष सभागृहात आले. देश तोच, लोक बहुतेक तेच, संसदीय पद्धतही तीच. बदलली फक्त मतं मोजायची रीत.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी म्हटलं होतं की सर्वाधिक मतांची पद्धत दोन पक्षांना पोसते आणि प्रमाणशीर पद्धत अनेक पक्षांना. न्यूझीलंड त्याला दुजोरा देतं. मग भारत? आपल्याकडे पद्धत सर्वाधिक मतांची, पण लोकसभेत पक्ष मात्र डझनावारी. कारण दुव्हर्जेचा नियम प्रत्यक्षात मतदारसंघाच्या पातळीवर काम करतो. केरळमध्ये लढत दोन आघाड्यांची, तमिळनाडूत दोन द्रविड पक्षांच्या भोवती, पंजाबात आणखी वेगळ्यांची. प्रत्येक ठिकाणी स्पर्धा मोजक्यांचीच, पण ते मोजके सगळीकडे वेगळे. दिल्लीत बेरीज केली की पक्ष खूप दिसतात. नियम पुरता मोडला नाही, तो कुठल्या पातळीवर लागू होतो हे मात्र आपल्याला भारतामुळे कळलं.

आणि फळ्यावरच्या वाक्याचं काय? १९९६ मध्ये न्यूझीलंडला आघाडी सरकार बनवायला सुमारे दोन महिने लागले. प्रतिनिधित्व वाढलं, सरकार बनवणं अवघड झालं. म्हणजे स्थैर्य हे संसदीय की अध्यक्षीय एवढ्यावर ठरत नाही, निवडणूक पद्धतीवरही ठरतं. एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

७. मग अभ्यास कसा करायचा?

आता थोडं व्यवहाराचं बोलू.

१) वहीची मांडणी बदला. "ब्रिटन", "अमेरिका", "फ्रान्स" अशी प्रकरणं पाडू नका. प्रत्येक पानावर वर एक प्रश्न लिहा : शासनप्रमुखाला काढतं कोण? वरिष्ठ सभागृहाला ताकद किती? न्यायालय कायदा रद्द करू शकतं का? खाली देश लिहा. पाच-सहा पानांतच देशांची माहितीही पाठ होते.

२) एक देश खोलवर वाचा. सगळ्या देशांचं थोडं थोडं वाचण्याआधी भारताशिवाय एक देश निवडा आणि त्याची घटना, निवडणूक, पक्ष, अलीकडच्या घडामोडी नीट पाहा. अमेरिकेची घटना मुळातच छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते.

३) घटनेचं कलम आणि प्रत्यक्षातला प्रसंग यांची जोडी लावा. ६७ वं कलम आणि १९८२. नुसतं कलम कोरडं वाटतं आणि नुसता प्रसंग गोष्टीसारखा विसरला जातो. जोडी लक्षात राहते.

४) बातमी वाचताना देश बदलून पाहा. "हाच प्रसंग अमेरिकेत घडला असता तर पुढे काय झालं असतं?" रोज एका बातमीवर हा प्रश्न विचारा. दहा मिनिटं पुरतात.

५) उत्तर लिहिताना पाच पायऱ्या ठेवा. प्रश्नातल्या संकल्पनेचा अर्थ, तुलनेचा निकष, देश कोणते आणि तेच का, तुलना, आणि शेवटी निष्कर्ष व त्याची मर्यादा.

शेवटच्या मुद्द्याचं उदाहरण देते. प्रश्न आहे : "संसदीय व अध्यक्षीय पद्धतींची तुलना करा." बहुतेक उत्तरं अशी सुरू होतात : "संसदीय पद्धत ब्रिटनमध्ये आहे. अध्यक्षीय पद्धत अमेरिकेत आहे." मग दोन रकान्यांचा तक्ता. चूक काहीच नाही, पण हे सगळ्या गठ्ठ्यात सारखंच असतं. त्याऐवजी असं सुरू करून पाहा : "कार्यकारी मंडळाला मुदतीआधी कोण दूर करू शकतं, या एका निकषावर दोन्ही पद्धतींतला मुख्य फरक स्पष्ट होतो." पुढे तक्ता आला तरी चालेल. आता तो कशासाठी आहे हे वाचणाऱ्याला माहीत आहे.

८. फळ्यावरच्या वाक्याचं काय झालं?

सत्राच्या शेवटच्या तासाला मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू हातात दिला. म्हटलं, तुझं वाक्य आहे, तूच दुरुस्त कर. तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने "स्थिर" या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : "कोण स्थिर? आणि त्याला रोज जाब कोण विचारणार?"

नंतर म्हणाला, "मॅडम, मला अजूनही वाटतं की आमदार फुटण्यावर काहीतरी इलाज हवा. पण आता अध्यक्षीय पद्धतच हवी असं म्हणणार नाही. आधी पक्षांतरबंदी कायदा दुसरीकडे कुठे कुठे आहे ते बघतो."

त्याचं मत बदलावं अशी माझी अपेक्षा नव्हती. अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूने बोलणारे मोठे अभ्यासक आहेत, आणि हा मुलगाही उद्या त्यांच्या बाजूने जाऊ शकतो. पण आता कुठला देश पाहायचा आणि का, हे तो स्वतः ठरवत होता.

तुम्हीही आजपासून एक करा. राजकारणाबद्दल तुम्हाला अगदी खरं वाटणारं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यातले शब्द तपासा, त्याच्या बाजूने एक देश शोधा आणि विरोधात एक देश शोधा. सत्र संपताना ते वाक्य पुन्हा वाचा. काय बदललं ते मला वर्गात सांगा.